एचसी-१८ वर डाइस ०.९७, पण आपल्याकडच्या चित्रांवर डोक्याचा घेर ५ ते १० मिमी कमी येतो

अर्धविराम

नमस्कार मंडळी. सोनोग्राफीच्या चित्रातून गर्भाच्या डोक्याचा घेर, म्हणजे एचसी, आपोआप मोजायचं मॉडेल तयार केलं आहे. साधं यू-नेट (चित्रातला हवा तो भाग वेगळा काढणारं न्यूरल नेटवर्क), शिकवायला नेदरलँड्सचा एचसी-१८ हा खुला संच. मूळ चित्रं ८०० बाय ५४० ची. ती २५६ बाय २५६ करून मॉडेलला देतो. त्याच संचातल्या बाजूला ठेवलेल्या चित्रांवर डाइस (मॉडेलने आखलेला भाग आणि खरा भाग किती जुळतात त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण) ०.९७ येतो.

आता पुण्यातल्या दोन सेंटरमधली, ओळख पुसलेली चित्रं मिळाली आहेत. १८ ते ३६ आठवडे, जेपीजीमध्ये. डॉक्टरांनी मशीनवर नोंदवलेल्या एचसीशी ताडून पाहिलं तर माझा आकडा जवळजवळ प्रत्येक वेळी ५ ते १० मिमी कमी. जास्त कधीच नाही. मास्क (मॉडेलने डोकं म्हणून रंगवलेला भाग) चित्रावर ठेवून पाहिला तर नजरेला अगदी बरोबर वाटतो. एक पिक्सेल किती मिमीचा, ते पडद्याच्या कडेच्या सेंटिमीटरच्या खुणांवरून काढतो.

इथली चित्रं घालून मॉडेल पुन्हा शिकवावं का? की यू-नेट सोडून ट्रान्सफॉर्मर या नव्या रचनेकडे वळावं? पुढे पोटाचा घेर आणि मांडीचं हाडही घ्यायचं आहे.

लंबवर्तुळ

मॉडेलला अजून हात लावू नका. आधी एक आलेख काढा. आडव्या अक्षावर डॉक्टरांचा एचसी, उभ्या अक्षावर तुमचा आकडा वजा डॉक्टरांचा आकडा. प्रत्येक मशीनचे ठिपके वेगळ्या रंगात. चूक कोणत्या आकाराची आहे त्यावरून कारण कळतं:

डोकं मोठं होत जाईल तशी चूक त्याच टक्क्याने वाढत असेल, तर गडबड मोजपट्टीत किंवा सूत्रात आहे. १८ आठवडे असोत वा ३६, चूक तेवढीच मिमी राहत असेल, तर मॉडेल कवटीची दुसरी कड धरतं आहे. ठिपके वर-खाली विखुरलेले असतील तरच मास्क किंवा प्लेन (ज्या छेदावर चित्र घेतलं तो) वाईट आहे असं समजा. तुमची चूक कायम एकाच बाजूची आहे, म्हणून तिसरी शक्यता मला कमी वाटते.

डाइस ०.९७ वर फार विसंबू नका. घेराच्या मोजमापाला हा आकडा फसवा आहे. समजा तुमचा मास्क खऱ्या डोक्याच्या मधोमध बसला आहे, फक्त सगळीकडून सारखा आक्रसलेला आहे. डाइस ०.९७ म्हणजे क्षेत्रफळाचं गुणोत्तर ०.९७ भागिले १.०३, अंदाजे ०.९४२. त्याचं वर्गमूळ ०.९७०. म्हणजे घेर ३ टक्के कमी. २० आठवड्यांच्या १७५ मिमीच्या डोक्यावर ती ५ मिमीची तूट होते आणि डाइसला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या वयात डोक्याचा घेर आठवड्याला ११-१२ मिमी वाढतो, म्हणून ५ मिमी म्हणजे तीन दिवसांचा फरक. शेवटच्या तिमाहीत वाढ मंदावते. तिथे तीच तूट आठवड्याच्या आसपास जाते.

दुसरा हिशेब: कड सगळीकडे १ मिमी आत गेली की घेर दोन पाय (२π), म्हणजे ६.३ मिमीने घटतो. डोकं केवढंही असो. कवटीच्या हाडाचा पांढरा पट्टा पडद्यावर दीड-दोन मिमी जाड दिसतो. मॉडेलने बाहेरच्या कडेऐवजी पट्ट्याचा मध्य धरला तरी ५-६ मिमी गेले. डोळ्यांना मास्क बरोबर वाटतो तो यामुळेच. पट्ट्याच्या आत की बाहेर, हे नजरेला पटकन कळत नाही.

आता २५६ चा मुद्दा. ८०० चे २५६ केले की आडवा पिक्सेल ३.१२५ पट मोठा होतो, ५४० चे २५६ केले की उभा २.११ पट. मूळ पिक्सेल ०.२ मिमीचा असेल तर लहान चित्रात तो आडवा ०.६३ आणि उभा ०.४२ मिमीचा झाला. मास्क एक पिक्सेल आत सरकला तरी घेरात सव्वातीन मिमीचा फरक. आणि लहान चित्रातच लंबवर्तुळ बसवून शेवटी एकाच गुणकाने गुणत असाल, तर आकारच चुकतो. क्रम असा ठेवा:

१. चित्राचा आकार बदलताना लांबी-रुंदीचं प्रमाण राखा, उरलेली जागा काळ्याने भरा. ५१२ च्या खाली जाऊ नका.
२. मास्क शून्य-एक करण्याआधी संभाव्यतेचा नकाशा (प्रत्येक पिक्सेल डोक्यातला असण्याची शक्यता) मूळ आकारात आणा, मग ०.५ ला कापा.
३. सर्वांत मोठा सलग तुकडा ठेवा, त्याची किनार काढा, किनारीचा प्रत्येक बिंदू मिमीत बदला. एक्सला एक्सचा गुणक, वायला वायचा.
४. लंबवर्तुळ मिमीमध्ये बसवा. परिमिती रामानुजनच्या सूत्राने: पाय गुणिले [३(अ+ब) − वर्गमूळ((३अ+ब)(अ+३ब))]. अ आणि ब हे अर्धे अक्ष.

किनारीचे पिक्सेल मोजून त्यालाच घेर म्हणू नका. पायऱ्यापायऱ्यांची रेघ असते, आकडा चुकतो.

एचसी-१८ बद्दलही थोडं. त्यात ५५१ महिलांची १३३४ चित्रं आहेत. ९९९ शिकवायला, ३३५ तपासायला. म्हणजे एकाच महिलेची एकाहून जास्त चित्रं आहेत. फाइलच्या नावात २एचसी, ३एचसी असं दिसलं की तो त्याच तपासणीतला दुसरा-तिसरा फोटो. ९९९ मधूनच चित्रवार चिठ्ठ्या टाकून तपासणीचा वाटा काढला असेल तर जुळी चित्रं दोन्हीकडे गेली आणि ०.९७ थोडा फुगलेला आहे. नावातला क्रमांक धरून गट पाडा. शिवाय तिथलं उत्तर ही लंबवर्तुळाची बारीक रेघ आहे, भरलेला मास्क नाही. आतला भाग भरताना ती रेघही मास्कमध्ये धरता की नाही, ते तपासा.

पिक्सेलचं माप त्या संचात प्रत्येक चित्रासाठी सीएसव्ही तक्त्यामध्ये दिलेलं असतं, ०.०५२ पासून ०.३२६ मिमीपर्यंत. इथे तुम्ही ते खुणांवरून काढता, आणि ती कडी कच्ची आहे. जेपीजी कोणीतरी पडद्याच्या मापाला लहान केलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आली असेल तर विचारूच नका. सेंटरकडून मूळ डायकॉम (वैद्यकीय चित्राची माहितीसकट फाइल) मागा. त्यात सोनोग्राफीसाठी 'पिक्सेल स्पेसिंग' बहुधा रिकामं असतं. माप असतं ते 'सीक्वेन्स ऑफ अल्ट्रासाउंड रीजन्स'च्या आत, 'फिजिकल डेल्टा एक्स' आणि 'वाय'मध्ये. एकक कोड ३ असेल तर ते सेंटिमीटर आहे. ०.०२ दिसलं तर ०.२ मिमी. पडदा दुभागून दोन चित्रं शेजारी असतील तर दोन रीजन असतात, त्यांचे गुणक वेगळे असू शकतात. आधी रीजनच्या चौकटीचे कोपरे वाचा, मग गुणक उचला.

डॉ_सोनो

वरच्या उत्तरात ज्याला 'खरा आकडा' धरलं आहे, त्याचीच आधी चौकशी करा. मशीनवर एचसी दोन रीतींनी येतो. एक, सोनोलॉजिस्ट कवटीच्या बाहेरच्या कडेवर लंबवर्तुळ बसवतो. दुसरी, बीपीडी (डोक्याची रुंदी) आणि ओएफडी (कपाळापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी) यांसाठी दोन सरळ कॅलिपर (मापाच्या खुणा) ठेवतो आणि मशीन सूत्राने घेर काढतं. या सूत्राचे दोन गुणक चालतात. दोन्ही मापं बाहेर-ते-बाहेर असतील तर बेरजेला १.५७ ने गुणायचं, म्हणजे पाय भागिले दोन. बीपीडी बाहेर-ते-आत घेतला असेल तर तो लहान येतो, म्हणून १.६२. आता एखाद्याने दोन्ही बाहेर-ते-बाहेर घेतले आणि मशीनमध्ये १.६२ राहिलं, तर काय होतं पाहा. बीपीडी ४८ आणि ओएफडी ६१ धरू. १.५७ ने १७१ मिमी, १.६२ ने १७६.६. पाच मिमी नुसते सूत्रातून आले. तुमचं मॉडेल इथे निर्दोष आहे.

त्यात काही जण लंबवर्तुळ कवटीऐवजी टाळूच्या त्वचेवर टेकवतात. शेवटच्या तिमाहीत केस आणि त्वचेची जाडी धरून घेर चांगलाच वाढतो. पोटाचा घेर मात्र त्वचेच्या बाहेरूनच घ्यायचा असतो, त्या सवयीने हे होतं.

प्लेनबद्दल. एचसीला ट्रान्सथॅलॅमिक, म्हणजे मेंदूतल्या थॅलॅमस या भागातून जाणारा, छेद हवा: मध्यरेषा आडवी, दोन्ही बाजू सारख्या, मध्यरेषा पुढच्या एक तृतीयांशात कॅव्हम सेप्टी पेल्युसिडी या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या चौकटीने खंडित, मागे थॅलॅमसची जोडी. लहान मेंदू दिसला की प्रोब (पोटावर टेकवायचं यंत्र) मागून कललेला आहे, ते चित्र एचसीला बाद. मास्क तिथेही छान येईल, लंबवर्तुळ छान बसेल, आणि आकडा दुसऱ्याच छेदाचा असेल. म्हणून मापाच्या आधी प्लेन तपासणारं वेगळं मॉडेल हवं. माझ्या मते कामाचं तेच आहे. माप घेणं आजकाल बहुतेक चांगल्या मशीनमध्ये आपोआप होतंच.

बीपीडी-ओएफडीचं गुणोत्तर, म्हणजे सेफॅलिक इंडेक्स, साधारण ७४ ते ८३ टक्क्यांच्या बाहेर गेलं तर झेंडा लावा, पण चित्र फेकू नका. पायाळू बाळात किंवा पाणी कमी असताना डोकं खरंच लांबट होतं. ते माणसाकडे पाठवायचं.

आणखी एक गोष्ट जी कोडवाल्यांच्या लक्षात येत नाही. किरणाला समांतर असलेली कवटीची बाजू पडद्यावर फिकट दिसते किंवा गायब असते. आडव्या भिंती मात्र ठळक असतात. हाडाखाली सावली पडते आणि ती नेहमी प्रोबपासून दूर जाते. चित्रं वाढवण्यासाठी तुम्ही ती ९० अंशात फिरवलीत किंवा उभी उलटी केलीत, तर जगात नसलेलं भौतिकशास्त्र मॉडेलला शिकवता. डावी-उजवी अदलाबदल, १५-२० अंशांचा कल, गेन (चित्राचा उजळपणा) आणि काँट्रास्ट बदलणं, कृत्रिम सावली टाकणं, एवढं पुरेसं आहे.

अर्धविराम

आलेख काढला, रंग वेगळे केले. ठिपक्यांचे दोन सरळ पट्टे दिसतात. पहिल्या सेंटरच्या मशीनवर चूक सतत ३ टक्क्यांच्या जवळ: १७० ला ५, ३१५ ला साडेनऊ. दुसऱ्यावर सपाट, सगळीकडे ६ मिमीच्या आसपास. पहिल्या सेंटरला विचारलं, तिथे दोन कॅलिपर ठेवतात आणि मशीन १.६२ वापरतं, बीपीडी बाहेर-ते-बाहेर. दुसरीकडे लंबवर्तुळच आहे, कवटीच्या बाहेरून.

दुसऱ्या सेंटरच्या चित्रांवर कॅलिपरच्या पिवळ्या ठिपक्यांची रेघ छापलेली आहे. ती त्रास देत असेल का? आणि पोटाच्या घेराला हेच सगळं लागू पडतं का?

लंबवर्तुळ

पहिलं सेंटर निकालात निघालं. तिथे मूळ बीपीडी आणि ओएफडी घेऊन स्वतः परिमिती काढा आणि तिच्याशी ताडा.

दुसऱ्याच्या ६ मिमीसाठी मास्कची कड संभाव्यता ०.५ ऐवजी ०.३ ला कापून बघा. तूट लगेच अर्ध्यावर आली, तर मॉडेलची कड पसरट आहे, म्हणजे २५६ चा परिणाम. हलली नाही, तर मॉडेल ठामपणे आतली कड धरतं आहे आणि त्याला बाहेरची कड शिकवावी लागेल. त्यासाठी त्या मशीनची ६०-८० चित्रं पुरतात, पण खुणा पुन्हा करून घ्या. मोजमापात शेवटी ६ मिमी मिळवून टाकायचा मोह होईल. नका. गेन वाढवला की पट्टा जाड होतो, मग तुमची दुरुस्ती त्या चित्रात चुकते.

पिवळी रेघ: हो, त्रास देते, आणि दोन्हीकडून. फक्त ताडण्यासाठी वापरत असाल तर रेघ ज्या जागी कवटीवर बसते तिथली कड बिघडते. शिकवायला वापरलीत तर मॉडेल कवटी सोडून रेघच शोधायला शिकतं, आणि स्वच्छ चित्रावर आपटतं. रंगाने रेघ पकडून आजूबाजूच्या पिक्सेलने भरता येते, पण सगळ्यात बरं म्हणजे कॅलिपर ठेवण्यापूर्वीची फ्रीझ केलेली फ्रेम. सेंटरला सांगा, मोजण्याआधी एकदा सेव्ह दाबायचं.

डॉ_सोनो

पोटाला हेच सगळं लागू नाही. डोक्याला हाडाची कड आहे, पोटाला नाही. छेद गोल असावा, जठराचा काळा फुगा दिसावा, नाभीची शीर पोर्टल सायनसपाशी, मणका एक, दोन्ही बाजूंच्या फासळ्या सारख्या. मूत्रपिंड दिसायला नको. दिसलं तर छेद खाली गेला. प्रोब जोरात दाबला की पोट चपटं होतं. मणक्याची सावली एका बाजूची कड गिळते, तिथे लंबवर्तुळ अंदाजाने पूर्ण होतं आणि मास्कवाली मॉडेलं नेमकी तिथेच आत ओढली जातात.

वजनाच्या अंदाजाला मात्र पोटच सगळ्यात महत्त्वाचं. हॅडलॉकच्या चार मापांच्या सूत्रात टाकून बघा. बीपीडी ८.५, एचसी ३१, एसी (पोटाचा घेर) ३०, एफएल (मांडीचं हाड) ६.५, सगळी सेंमी. वजन २३११ ग्रॅम. एचसी ५ टक्क्यांनी वाढवा: २३६५. त्याऐवजी एसी ५ टक्क्यांनी वाढवा: २४९८. ५४ ग्रॅम विरुद्ध १८७. तुमचा वेळ कुठे घालायचा ते यावर ठरवा.

निळीशाई

इथे प्लेन ओळखण्याचा विषय निघाला म्हणून: बार्सिलोनाच्या रुग्णालयांतला एक खुला संच आहे, १७९२ महिलांची १२,४०० चित्रं. वर्ग सहा: पोट, मेंदू, मांडीचं हाड, छाती, आईच्या गर्भाशयाचं मुख, आणि इतर. मेंदूचे पुन्हा ट्रान्सथॅलॅमिक, ट्रान्सव्हेंट्रिक्युलर आणि ट्रान्ससेरेबेलर असे पोटभाग केलेले आहेत, म्हणजे वर डॉक्टर म्हणतात ती लहान मेंदूची गफलत पकडायला थेट उपयोगी. चालू व्हिडिओवर तेरा प्लेन ओळखणारं सोनोनेट २०१७ चं, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या चमूचं. रचना जुनी झाली, पण हलकी आहे आणि साध्या ग्राफिक्स कार्डवर थेट चालते.

माझा प्रश्न वेगळा. प्लेन शोधायचीच गरज नसलेली पद्धत आहे ना: प्रशिक्षित नसलेल्या माणसाने पोटावर प्रोब ठरावीक रेषांत फिरवायचा आणि मॉडेलने आठवडे सांगायचे. २०२२ मध्ये झांबिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात सरासरी चूक ३.९ दिवस, नेहमीच्या मोजमापाची ४.७. गडचिरोली-मेळघाटात आशाताईंच्या हातात हे का देऊ नये?

फॉर्म_एफ

कारण कायदा. तंत्र चाललं तरी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली, सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रात, नोंदणीकृत मशीनवर, आणि नियमांनी ठरवलेली पात्रता असलेल्या डॉक्टरनेच करायची असते. २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरलाही सहा महिन्यांचं प्रशिक्षण लावलं. हातात मावणाऱ्या, हलवता येणाऱ्या मशीनचा वापर नोंदणीकृत जागेत दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून, एवढाच. आशाताईंनी प्रोब फिरवला, मॉडेलने फक्त आठवडे सांगितले आणि पडदा बंद होता, ही सबब चालत नाही. लिंग सांगू शकणारं उपकरण वापरलं गेलं, एवढं पुरे आहे. मॉडेल जिथे आहे तिथे, म्हणजे तालुक्याच्या नोंदणीकृत केंद्रात पात्र डॉक्टरच्या हाताखाली चालवा. तिथेही गर्दी कमी नाही.

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी, कारण दोन सेंटरची चित्रं हातात आहेत म्हणता:

चित्राच्या वरच्या पट्टीत नाव, वय, तारीख छापलेली असते. डायकॉमचं शीर्षक पुसलं तरी ती पिक्सेलमध्ये राहते. पट्टी कापा, मग अक्षरं ओळखणारं साधन एकदा सगळ्या चित्रांवर चालवून उरलंसुरलं शोधा. लिंगभागाची चित्रं संचात येऊच देऊ नका, 'इतर' या वर्गातसुद्धा. मॉडेल आतून काय शिकलं ते तुम्हाला दाखवता येणार नाही, संच मात्र दाखवता येईल. एफ फॉर्ममधली (या कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीची भरायची नोंद) माहिती चित्रांशी जोडू नका. त्यात आधीच्या मुलांची संख्या आणि लिंग असतं, तुमच्या मोजमापाला त्याची काही गरज नाही.

मशीनच्या व्हिडिओ आउटपुटला फ्रेम पकडणारा डबा जोडणार असाल तर आधी थांबा. केंद्रातल्या उपकरणांत बदल करायचा तर नियम १३ प्रमाणे समुचित प्राधिकाऱ्याला तीस दिवस आधी कळवायचं असतं. डबा त्यात मोडतो की नाही यावर वाद घालण्यापेक्षा लेखी पत्र आणि पोच घेतलेली स्वस्त पडते. कोल्हापुरात मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर (तपासणीचं चित्रण साठवणारा डबा) जोडण्यावरून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. जोडलेल्या डब्यांकडे इथे सहज कोणी दुर्लक्ष करत नाही. नीतिसमितीची मंजुरी अर्थात लागेल, आणि निदानासाठी विकायचं ठरलं तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली सॉफ्टवेअरही उपकरणच धरलं जातं.

अर्धविराम

डबा नाही, सेव्ह केलेल्या फ्रेमच घेतो आहे. पट्टी कापलेली आहे, अक्षरं शोधण्याचं काम आज लावतो. ०.३ ला कापून पाहिलं: ६ मिमीची तूट साडेतीनवर आली. म्हणजे जवळजवळ निम्मं २५६ चं दिसतं. ५१२ ला पुन्हा शिकवतो. शेवटचा प्रश्न, दुसऱ्या सेंटरवर चाचणी कशी मांडावी?

लंबवर्तुळ

शिकवायला घेतलेल्या महिलांचं एकही चित्र चाचणीत नको. आठवडे १८-२२, २३-२८, २९-३६ असे तीन गट करा आणि निकाल गटवार द्या. एकच सरासरी दिली की शेवटच्या तिमाहीतली चूक लपते. दोन सोनोलॉजिस्टनी एकमेकांचा आकडा न पाहता त्याच फ्रेमवर मोजावं, शिवाय काही महिलांमध्ये प्रोब उचलून नवी फ्रेम घेऊन मोजावं. नुसती तीच फ्रेम दोघांनी मोजली तर फक्त कॅलिपरमधला फरक कळतो, प्लेनमधला कळत नाही, आणि मोठा फरक प्लेनमध्येच असतो. मग ब्लँड-ऑल्टमन: सरासरी फरक आणि ९५ टक्क्यांच्या सीमा, मिमीत आणि टक्क्यांत. सहसंबंध गुणांक देऊ नका. तुमच्या आत्ताच्या ३ टक्के कमी आकड्यांनाही तो ०.९९ येईल.

आणि नकार मोजा. मास्कची किनार सोनोग्राफीच्या पंख्यासारख्या चित्राच्या कडेला टेकते, लंबवर्तुळापासून किनार सरासरी १ मिमीपेक्षा लांब आहे, किंवा प्लेनवालं मॉडेल ट्रान्सथॅलॅमिक म्हणत नाही, यातलं काहीही झालं तर आकडा दाखवायचा नाही, 'हाताने मोजा' एवढंच. असे किती टक्के नकार आले ते निकालाशेजारी लिहा. ३४ आठवड्यांच्या पुढे, डोकं खाली उतरलेलं असताना, ते वाढणारच.